परकोटाला टेकलेलं स्वयंपाकघर

साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघावर मनापासून जळणारा एकच माणूस असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामाजींची उभी हयात घुग्घुसच्या कोळसा खाणीत पंप दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी शहराचा परकोट जणू स्वतःच्या नावावर करून घेतला. बाहेरगावचे लोक येतात, हॉटेलात झोपतात, पहाटे जिप्सीत बसून ताडोब्याला जातात आणि गोंडराजांचा कोट, वेशी, समाध्या यांतलं काहीही न पाहता परततात, हे त्यांना सहनच होत नाही. "वाघाचं काय घेऊन बसले, जवाईबापू? थो तं गोंडपिपरीच्या रस्त्यावरही दिसते. असा कोट कुठी दिसते काय?"

त्यांना रस्ता विचारणं धोक्याचं. माझ्या कचेरीतले एक गृहस्थ दाढ सुजवून घेऊन दाताच्या डॉक्टरचा पत्ता विचारायला गेले. मामाजींनी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि जवळच्या दवाखान्यात अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा अशा वेशी दाखवत नेलं. जटपुरा गेटाशी तर भर रहदारीत स्कूटर थांबवून वेशीवर कोरलेला, हत्तीवर स्वार झालेला सिंह दाखवला. मागे हॉर्नचा गदारोळ, आणि गृहस्थांना तोंड उघडता येत नव्हतं. पोलीस धावत आला, तर मामाजींनी त्यालाही सिंह दाखवला. सांगितलेला इतिहास दर वेळी थोडा वेगळा असतो. वेशी बांधणारे राजे बदलतात, कोटाची उंची वाढते. कुणी टोकलंच, तर ते भिंतीवर थाप मारून विचारतात, "दगड खोटं बोलते काय?"

या परकोटप्रेमात एकच अडचण होती. मामाजींचं घर पठाणपुऱ्याच्या बाजूला, कोटाला अगदी लागून. घराचं स्वयंपाकघर तीन भिंतींचं होतं आणि चौथी भिंत गोंडराजांची! मुलगी झाली तेव्हा एका खोलीत चुलीचा धूर कोंडायचा, मामीजी खोकून हैराण व्हायच्या. म्हणून मामाजींनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी विटा रचून ही खोली उभी केली होती. सगळ्या नातेवाइकांना हे ठाऊक होतं, आणि त्यांच्यासमोर कुणी कधी बोललं नव्हतं.

मग शहरातल्या तरुण मंडळींनी परकोटावरची झाडंझुडपं काढायला घेतली. मामाजी कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे. कोटाला लागून कुणाचा गोठा दिसला की तिथे उभे राहून भाषण. एका रविवारी मी त्यांच्या घरी मुक्कामाला होतो, तेव्हा ते तोंड पाडून परत आले. जेवायला बसले, पण घास उचलला नाही.

"काऊन, काय झालं?" मामीजींनी विचारलं.

"त्या गोठेवाल्या बाईनं विचारलं, भाऊ, आमचा गोठा दिसला, तुमची सैपाकखोली नाई दिसली?"

"मंग?"

"मंग काय. बरोबर बोलली थे." त्यांनी ताट बाजूला सारलं. "खोली पाडा लागते."

"आन् मी सैपाक कुठी करू? तुमच्या जटपुरा गेटावर?"

मामीजींनी ताट उचललं आणि आत जाऊन भांडी अशी आपटली की शेजारचे डोकावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तर मामीजी शेगडी आणि डबे बाहेर आणून ओसरीत मांडत होत्या. मला म्हणाल्या, "पाह्यता काय, जवाईबापू? हात लावा. थे रात्रभर झोपले नाई."

संध्याकाळपर्यंत खोली गेली. एकेक वीट मामाजी काढत, मामीजी ती रचून ठेवत. शेवटी कोटाचा दगड उघडा पडला आणि त्यावर छातीइतक्या उंचीला काजळीचा भला मोठा, तेलकट, काळा पट्टा होता. किती वर्षांच्या फोडण्या त्या दगडावर बसल्या होत्या! मंडळी ब्रश आणि पाणी घेऊन आली. त्यांच्यातली एक मुलगी घासायला वाकली, तसे मामाजी तिच्यासमोर आडवे उभे राहिले.

"काका, एवढा डाग काढू द्या ना."

"डाग नाई बाई थो," मामाजी म्हणाले. "इथी राणीचा मुदपाकखाना होता."

मामीजी ओसरीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. त्या आधी खुदकन हसल्या. मग ऊन नसतानाही पदरानं तोंड पुसत बसल्या.

मुलीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मामाजींकडे, आणि ब्रश बादलीत ठेवून दिला.

आता कुणी पाहुणा कोट पाहायला आला की मामाजी त्याला त्या पट्ट्यासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबवतात. पण दर पावसाळ्यात काजळी थोडी फिकट होते. गेल्या वर्षी त्यांनी आडोशासाठी टिनाचा पत्रा आणला. मामीजी म्हणाल्या, "पत्रा टाकला का मंग परत खोलीच होते. राहू द्या. जाते तं जाऊ द्या."

मामाजींनी पत्रा दुकानात परत नेला. परवा गेलो तेव्हा पाऊस लागला होता. ओसरीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून दोघं भिंतीवरून उतरणाऱ्या पाण्याकडे पाहत होते. मामाजींनी मला बसायची खूण केली, पण त्या दिवशी इतिहास काही सांगितला नाही.