कपाळातला दाब आणि काशाची वाटी

दूधविनायक मोहल्ल्यातले ढुंढिराज गुरुजी पाठशाळेतून निवृत्त झाले आणि रोज सकाळी रामघाटावर ध्यानाला बसू लागले. हळूहळू त्यांच्यामागे दहा-बारा जण बसायला लागले. भुवयांच्या मधोमध लक्ष रोवायचं आणि हलायचं नाही, ही त्यांची शिकवण. गुरुजींच्या कपाळाची शीर तट्ट फुगलेली पाहून मंडळी हात जोडत. गुरुजींची शक्ती वर चढली आहे, असं गल्लीभर झालं होतं. गुरुजीही गालातल्या गालात हसून गप्प राहत.

ती शक्ती घरी आल्यावर काय रंग दाखवते, हे फक्त आनंदीबाईंना ठाऊक! डोक्याला पट्टा आवळल्यासारखं होई, जेवण जात नसे, कुणी बोललेलं सोसत नसे. अखेर बाईंनी नवऱ्याला हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. वर्षानुवर्षं कपाळावर जोर लावताय, तो आता सोडा, मोकळ्या डोळ्यांनी चाला, असं डॉक्टरांनी बजावलं.

तेव्हापासून बाई संध्याकाळी दार लावून त्यांच्या तळपायांना तूप चोळत आणि काशाच्या वाटीने घासत. तळवे काळे पडत, कपाळावरच्या आठ्या सुटत. पण सकाळ झाली की स्वारी पुन्हा घाटावर. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही!

"ज्याला स्वतःचं डोकं सांभाळता येत नाही, तो काय शिकवणार? लोक हसतील," गुरुजी म्हणत. बाईही थकून म्हणाल्या होत्या, "राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

एका संध्याकाळी स्वरदा आली. नागपूरहून बँकेत बदलून आलेली ही मुलगी घाटावर सगळ्यांत नेमाने बसायची. हातात पेढ्यांचा पुडा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि आनंद पोटात मावत नव्हता. बाईंनी दार किलकिलं केलं.

"काकू, गुरुजींना सांगा, मलाही सुरू झालं! कपाळात असा दाब येतो की रात्रभर झोप नाही. बँकेत आकडे धूसर दिसतात. आता बैठक आणखी वाढवते."

आत तुपाचे पाय पसरून बसलेल्या गुरुजींनी सगळं ऐकलं होतं. आता हे पाय ओढून घेतील, धोतर सारखं करतील, असं बाईंना वाटलं.

"आनंदी, दरवाजा पूरा उघड," ते म्हणाले. "तिला आत घे."

स्वरदा त्या पायांकडे बघतच राहिली.

"बेटा, ही शक्ती-बिक्ती काही नाही. दुखणं आहे. मलाही आहे. मोठेपणाच्या लोभाने मी बोललो नाही, माझी गलती झाली. उद्या डॉक्टरला दाखव, आणि कपाळावरचं ध्यान बिलकुल बंद."

"आणि घाटावर?"

"तिथेही सगळ्यांना हेच सांगेन."

नवऱ्याच्या विद्वत्तेचं कौतुक आनंदीबाईंनी जन्मभर ऐकलं होतं. पण काळ्या तळव्यांनिशी त्या मुलीसमोर तसाच बसून राहिलेला हा माणूस त्यांना त्या सगळ्या विद्वत्तेहून मोठा वाटला. त्यांचे डोळे भरून आले.

घाटावर गुरुजी बोलले तसे निम्मे लोक दुसरा गुरू शोधायला गेले. उरलेल्यांना घेऊन ते मुन्शी घाटापर्यंत निवांत चालू लागले. आता बाईही बरोबर असत.

एका सकाळी स्वरदा जांभया देत उशिरा पोचली. "काकू, माफ करा. झोपच लागून गेली!"

त्या दिवशी पेढे आनंदीबाईंनी वाटले.