वाशी ते तिरुनल्लार: आईबरोबर नऊ ग्रहांची देवळं

सुनंदा, माझी बायको, गेली त्याला वर्ष व्हायच्या आतच आईने नवग्रहांचं ठरवून टाकलं होतं. वर्षश्राद्धाआधी तीर्थयात्रा करायची नाही, एवढ्यासाठीच ती थांबली. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही वाशीला नव्या वसाहतीत राहायचो. खालच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब होतं. तामिळनाडूत कुंभकोणमच्या आसपास नऊ ग्रहांची नऊ वेगळी देवळं आहेत, हे आईला त्यांच्याकडून कळलं. हल्ली पुष्कळ लोक हा फेरा करतात आणि मला अधूनमधून कोणीतरी विचारतं, म्हणून आठवतं तेवढं लिहून ठेवतो. भाडी, गाड्या, वेळा आता बदलल्या असतील, त्या बघून घ्या.

आईचा हिशेब साधा होता. मला साडेसाती चालू होती. पहिल्या अडीचकीत सुनंदा गेली, आता मधली अडीचकी लागणार आणि ती माझ्या जिवावर येणार, असं तिने मनाशी धरलं होतं. कोणा ज्योतिष्याने सांगितलं की तिनेच जुळवलं, मी विचारलं नाही. माझं वजन उतरलं होतं. मी खोकलो तरी ती स्वयंपाकघरातून बघायला यायची. मला माझी भीती नव्हती, तिची होती. तिला दमा होता. पण मी नाही म्हणालो असतो तर ती एकटीच निघाली असती.

दादरहून मद्रासच्या गाडीचं रिझर्वेशन केलं. मद्रासला एग्मोर स्टेशनवर जाऊन कुंभकोणमची छोट्या रुळांची गाडी पकडायची होती. मी आईच्या गोळ्या दोन पिशव्यांत वाटून ठेवल्या, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून. आईने प्रत्येक ग्रहाचं धान्य वेगळ्या पुरचुंडीत बांधलं. रवीला गहू, सोमाला तांदूळ, असं करत शनीला तीळ आणि केतूला कुळीथ.

दादरच्या बसपर्यंत सामान घेऊन माझ्या ऑफिसातला हसुराम आला होता. तो करावे गावचा.

"आई, एवरे लांब नऊ देव कशाला?" तो म्हणाला. "आमचे गावदेवीला येक नारल दिला असता, तर तिनंच नवांना समजावलं असतं."

"तिला परत आल्यावर देऊ," आई म्हणाली. "आधी मोठ्यांचं होऊ दे."

"तिकरं पानी उकलून प्या, काय?" बस सुटता सुटता तो ओरडला.

गाडीत आई सारखी पुरचुंड्या चाचपत होती आणि मी गोळ्या. मद्रासला गाडी उशिरा पोचली. एका स्टेशनहून दुसऱ्या स्टेशनला जाताना रिक्षावाला काय बोलतो ते कळेना, त्यामुळे तो भलतीकडेच नेतोय असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं. त्याने बरोबर नेलं. तुम्ही जाल तेव्हा मध्ये भरपूर वेळ ठेवा.

कुंभकोणमला देवळाच्या तळ्याजवळ लॉज मिळाला. स्वच्छ आणि स्वस्त. खाली खानावळ होती. सकाळी इडली आणि पितळी पेल्यातली कॉफी, दुपारी केळीच्या पानावर भात. आई सांबाराला शेवटपर्यंत आमटीच म्हणाली, पण दोनदा वाढून घ्यायची. नऊ देवळं बसने करता येतात असं लोक सांगत होते. आईच्या दम्यामुळे मी ॲम्बेसिडर ठरवली. ड्रायव्हर सेल्वम काही वर्षं सायनला राहून गेला होता, त्यामुळे मुंबईचं हिंदी बोलायचा. तो भेटला तेव्हा मला बरं वाटलं. प्रवासात पहिल्यांदाच.

पहिल्याच दिवशी त्याचं आणि आईचं वाजलं. आईला वारांच्या क्रमाने जायचं होतं. रवी, सोम, मंगळ, बुध.

"अम्मा, रवी इधर है, सोम उधर, मंगल एकदम तिसरी साइड," तो म्हणाला. "आपके नंबर से जाएगा तो पेट्रोल पंप भी साथ में लेना पडेगा."

"याला विचार, ग्रह काय याच्या पेट्रोलवर फिरतात?"

मी विचारलं नाही. शेवटी असं ठरलं की सुरुवात सूर्याकडून, शनी शनिवारी, बाकीचे रस्त्यात येतील तसे. तुम्हीही असंच करा. आणखी एक, देवळं दुपारी बंद होतात ती संध्याकाळी चारच्या सुमारास उघडतात. हे आधी माहीत नसल्यामुळे शुक्राच्या देवळाबाहेर आम्ही अख्खी दुपार ओट्यावर काढली. समोर भाताची खाचरं आणि पाण्याचे पाट. आईला तिथे झोप लागली. मी तिचा श्वास ऐकत बसलो.

तिरुनागेश्वरमला राहूच्या मूर्तीवर दूध ओततात, ते अंगावरून उतरताना निळं होतं म्हणतात. आईने माझा दंड धरला. "दिसलं?" मला पांढरंच दिसत होतं. "हो," मी म्हणालो.

केतूच्या देवळातून बाहेर पडताना आईला धाप लागली. ओठ काळसर झाले. सेल्वमने गाडी जवळच्या गावात एका डॉक्टरकडे नेली. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, फिरणं बंद, आराम करून घरी जा. आठ देवळं झाली होती, फक्त शनी उरला होता. लॉजवर आल्यावर मी म्हणालो, आपण परत जाऊ.

"आठांकडे जाऊन त्यालाच टाळलं तर त्याला काय वाटेल?"

"तुला काही झालं तर मी काय करू, आई?"

"मला व्हायचं असतं तर तुझ्या वडिलांबरोबरच झालं असतं. तू तुझं बघ."

शनिवारी सकाळी निघालो. एक सांगतो, तिरुनल्लारला, म्हणजे शनीच्या देवळाला, शनिवारी जाऊ नका. सगळेच शनिवारी येतात. तळ्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आईला मी एका खांबाजवळ बसवलं आणि सेल्वमला तिथून हलू नको म्हणून सांगितलं. रीत अशी आहे की अंगाला तिळाचं तेल लावून कपड्यांसकट बुडी मारायची, ते कपडे तिथेच सोडायचे, कोरडे घालायचे आणि मागे न बघता देवळात जायचं.

"सब छोडने का, साब," सेल्वम म्हणाला. "कुछ वापस लेके नहीं जाने का. नहीं तो वो भी साथ में आता है."

बुडी मारून वर आलो. कोरडं धोतर गुंडाळून ओला पायजमा पायरीवर टाकला. शर्ट काढला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुठला शर्ट घालून आलोय. बाकीचे लॉजवर धुवायला दिले होते. हा सुनंदाने मशीनवर शिवलेला होता. तिने एकच पुरुषी शर्ट शिवला, कॉलर एका बाजूला जरा चढली म्हणून पुन्हा शिवला नाही.

मी आईकडे बघितलं नाही. ती इतकी धापा टाकत आली होती ती याच एका कामासाठी. मी शर्ट पायजम्यावर ठेवला आणि वळलो.

"थांब," आई म्हणाली. सेल्वमचा हात धरून ती दोन पायऱ्या उतरली, वाकली, शर्ट उचलला आणि कॉलर उलटून बघितली.

"तिचा ना हा?"

"हो."

तिने तो पिळला. पाणी तिच्या पायांवर पडलं.

"आई, सगळं सोडायचं असतं."

"कळतं मला. पायजमा दिलाय ना त्याला? चल, तीळ घे."

शर्ट सेल्वमने गाडीच्या मागच्या काचेपाशी पसरला. आईने देवळात तिळाचा दिवा लावला आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. काय मागितलं ते सांगितलं नाही. परतीच्या गाडीत ती सारखी माझ्याकडे बघत होती. मी बाथरूमला गेलो तरी दारापर्यंत यायची. मी रागावलो नाही. मीही तिच्याकडे तसाच बघत होतो.

घरी पोचल्यावर पनवेलहून माझी मोठी बहीण, ताई, प्रसादाला आली. गॅलरीत दोरीवर शर्ट वाळत होता, ताईची त्याच्याकडे पाठ होती.

"शनीला सगळे कपडे सोडलेत ना, आई? काही मागे आणलं तर म्हणे उपयोग होत नाही."

"सोडले," आई म्हणाली. "सगळे."

लोक विचारतात, फरक पडला का. मला सांगता येणार नाही. मी अजून आहे. आईची भीती मात्र त्या फेऱ्याने गेली नाही, उलट तिने ती स्वतःहून घरी आणली. माझ्याशी ती शर्टाबद्दल कधीही बोलली नाही, आणि मीही नाही.

ताई गेल्यावर तिने शर्ट काढून इस्त्री केली, चढलेल्या कॉलरवर दोनदा इस्त्री फिरवली, आणि माझ्या हातात दिला.

"सोमवारी हाच घाल," ती म्हणाली. "आणि रस्ता बघून ओलांड."