इंजिन फुटलं तर बी.एड.

इंजिन उघडून परत जोडलं की एखाद-दुसरा नट उरतोच. आमचे रज्जूभैया तो तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकतात आणि शांतपणे म्हणतात, "कंपनी ने एक्स्ट्रा दिया था." किश्शांचंही तसंच. काम संपतं, गाडी निघून जाते, हे मात्र मागे उरतात. डबा आता गच्च भरलाय, म्हणून म्हटलं थोडा रिकामा करू.

आधी मंडळी ओळखून घ्या. सुप्रिया माझी मामेबहीण. तिला ड्रिफ्टिंगचं वेड आहे. रज्जूभैया आमच्या गावातल्या ओमती मोहल्ल्यातले मेकॅनिक, हिंदीच बोलणारे. गाडी म्हणजे एक जुनी सेडान, टर्बो इंजिनाची, आणि तिचा मुक्काम मदन महल वस्तीत मामीच्या घरामागच्या शेडमध्ये. टर्बो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, त्यामुळे ताकद वाढते आणि डोकंही तापतं, इंजिनाचं आणि आमचंही. मी बँकेत असतो. टीममध्ये माझं पद मॅनेजरचं आहे आणि काम चहा आणायचं.

* * *

मामीला ड्रिफ्टिंग म्हणजे काय ते सुप्रियाने एकदाच समजावून सांगितलं.

"आई, वळणावर गाडी मुद्दाम घसरवायची. पण कंट्रोलमध्ये."

मामी भेंडी चिरत होती. "ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथं रोज लोकं घसरून राहिले. त्यांना तर इंजिन लागत नाही."

सुप्रियाने पुन्हा कधी समजावलं नाही.

* * *

मामी सरकारी ऑफिसात ऑडिटला आहे. तिच्या तोंडून शब्द निघतो तो तपासूनच निघतो. ट्रॅकवर आमचं दुसरं इंजिन फुटलं, तेव्हा तिने जेवताना जाहीर केलं, "आता अजून एकदा इंजिन फुटलं तर गाडी भंगारात आणि तू बी.एड.ला."

"मान्य," सुप्रिया म्हणाली.

मी घास परत ताटात ठेवला. कारण सुप्रिया शब्द मोडणारी नाही, आणि तिला वर्गात फळ्यासमोर उभं केलं तर ती फळासुद्धा आडवा घसरवेल. मामीही चेष्टेत बोलत नव्हती. त्या रात्रीपासून आम्हाला ताकदीचं इंजिन नको होतं, टिकणारं हवं होतं.

* * *

आधीचं इंजिन का गेलं, हे रज्जूभैयांनी मामीच्याच टेबलावर दाखवलं. वरणाचं पातेलं उचललं आणि तिरपं केलं. "देखो दीदी, गाड़ी आड़ी चली तो सारा तेल एक कोने में. पंप ने तेल की जगह हवा पी ली. इंजन सूखा चला, खतम."

तोवर वरण टेबलक्लॉथवर आलं होतं.

"अच्छा," मामी म्हणाली. "इलाज क्या है?"

"तेल की टंकी में बीच-बीच में पर्दे लगाएँगे. तेल भागेगा नहीं."

मामीने उठून आतून आपला ऑफिसचा डबा आणला. "पहले इसमें लगाइए. रस्सा रोज पर्स में जाता है."

इंजिनाच्या आधी मामीच्या डब्याला पडदे बसले. त्यांची ट्रायल यशस्वी झाली.

* * *

पुढचं काम पिस्टनचं. सगळे पिस्टन वजनाला सारखे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं. तेवढा बारीक काटा कुठे मिळणार? सराफ्यात. सुप्रिया पिशवी घेऊन एका सोनाराच्या दुकानात शिरली, मी मागे.

शेठ खुशीत आले. "आइए मैडम. रिंग दिखाऊँ?"

"रिंग तो है. पिस्टन की."

शेठनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग आवाज खाली आणून मला विचारलं, "पिस्टन जी पारसी हैं क्या?"

वजन मात्र त्यांनी मनापासून करून दिलं. घडणावळ किती पडली, हेही विचारून घेतलं.

* * *

सिलिंडर आतून झिजले होते, म्हणून ते बोअर करून आणले, म्हणजे आतून कापून गुळगुळीत केले. मी फाटकात उभा राहून फोनवर सुप्रियाला ओरडून सांगितलं, "बोअर झाला!" हे शेजारच्या काळे काकूंनी ऐकलं. आमच्याकडे बोअर म्हणजे अंगणातली कूपनलिका.

चार दिवसांनी इंजिन जोडून चालू केलं आणि मागून पांढरा धूर निघाला. पाणी अडवणारं गॅस्केट नीट बसलं नव्हतं. रेडिएटरचं पाणी थेट सिलिंडरमध्ये. सुप्रिया शेडच्या पायरीवर डोकं धरून बसली होती, तेवढ्यात कंपाउंडवरून काकू डोकावल्या.

"काय गं, बोअरला पाणी लागलं का?"

"लागलं, काकू."

"नशीबवान आहे बाप्पा तुम्ही. आमचा तर कोरडाच गेला."

संध्याकाळी त्यांनी पेढे पाठवले. आम्ही ते खाल्ले आणि इंजिन पुन्हा उतरवलं.

* * *

नवं इंजिन सुरुवातीला हळू चालवून मुरवावं लागतं. पण हळू चालवणं सुप्रियाच्या हातापायांना जमत नाही. म्हणून रज्जूभैयांनी उपाय काढला: "बगल में दीदी को बैठाओ." मग मामी त्याच गाडीतून भाजी आणायला जाऊ लागली.

ह्या गाडीला एक खोड आहे. ॲक्सिलरेटर सोडला की टर्बोतली जादा हवा बाहेर पडते, फुस्स करून. ओमतीच्या चौकात एका ट्रॅफिक हवालदाराने काचेवर टकटक केलं.

"मैडम, आपकी हवा निकल रही है."

मामीने मांडीवरची मेथी सावरली. "भैया, हवा निकालने का पुर्जा अलग से लगवाया है."

त्याने सलाम केला. कशाला केला ते त्यालाही माहीत नसावं.

* * *

आणि मग ट्रॅक. गाडी ट्रकवर चढवून दूर दक्षिणेत नेली. सुप्रियाने सकाळपासून रन मारले. टायर जळाले, धुराने माझे डोळे चुरचुरले, पण प्रत्येक रननंतर तेलाचा दाब बरोबर, पाणी थंड. रज्जूभैया बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

शेवटचा रन. सुप्रियाने लांबलचक वळण घेतलं, गाडी सुंदर आडवी झाली आणि कडाड असा आवाज आला. गाडी तिथेच थांबली. खरं सांगतो, मला डोळ्यांसमोर फळा दिसला.

आम्ही धावत गेलो. इंजिन चालू होतं, अगदी गोड आवाजात. गिअरबॉक्सचे मात्र दाते तुटले होते. इंजिन फिरत होतं, चाकं ढिम्म.

त्याच वेळी मामीचा व्हिडिओ कॉल आला. सुप्रियाने हेल्मेट काढून कॉल घेतला.

"इंजिन?" मामीने विचारलं.

"चालू आहे, आई. ऐक." तिने फोन बॉनेटजवळ धरला.

"मंग लोकं गाडी ढकलून काहून राहिले?"

"गिअरबॉक्स गेला."

मामीने फोन कानाशी नेऊन इंजिनाचा आवाज नीट ऐकला. मग म्हणाली, "रज्जूभैयांना दे."

रज्जूभैयांनी हात पुसून फोन घेतला.

"सच बोलना भैया. गिअरबॉक्स इंजन में आता है क्या?"

रज्जूभैयांनी सुप्रियाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "नहीं दीदी. इंजन से जुड़ता है, पर है अलग आइटम."

मामीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"बरं," ती म्हणाली. "मंग गिअरबॉक्सची अट वेगळी लावू."