सगळ्या मशिनींचा एकच शब्द

जगातल्या कुठल्याच कुलपावर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही आणि जगातल्या कुठल्याच माणसावर ज्यांनी कधी संशय घेतला नाही, असे एकच गृहस्थ मी पाहिले. ते म्हणजे माझे कलकत्त्यातले घरमालक. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी एस्प्लनेडच्या एका सरकारी कंपनीत रुजू झालो, तेव्हा त्यांनी मला गच्चीवरची खोली दिली. त्याच ऑफिसात, कॉम्प्युटर विभागात, ते माझे वरिष्ठही होते. त्यांचं घराणं आजोबांपासून कलकत्त्याचं, त्यामुळे त्यांचं मराठी सणासुदीच्या कपड्यांसारखं जपून बाहेर निघे आणि चिडले की ते सरळ बंगालीत शिरत. सगळे त्यांना काका म्हणत, अगदी बंगाली शेजारीसुद्धा.

काकांचा राग एकाच गोष्टीवर होता: किल्ली कारखान्यातच ठरून आलेलं कुलूप. "बनवणाऱ्याला ठाऊक, त्याच्या मेव्हण्याला ठाऊक, मग ते कुलूप तुझं कसलं रे, बाबा?" गल्लीत कोणी नवं कुलूप आणलं की काका स्वतःच्या घराची किल्ली घेऊन हजर होत. निम्म्या वेळा कुलूप उघडे. घरवाल्याचा चेहरा उतरे आणि काका मात्र बारशाला आल्यासारखे प्रसन्न. किल्ली हरवली की गल्ली त्यांच्याकडेच धाव घेई, त्यामुळे त्यांच्यावर रागवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. एकदा महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात नुकतेच बदलून आलेले एक बँक अधिकारी आकड्यांच्या कुलपाची नवी ब्रीफकेस मिरवत होते. "नंबर मला सोडून कोणालाही ठाऊक नाही," असं ते म्हणाले मात्र, काकांनी तिन्ही चाकं शून्यावर आणून खट्कन झाकण उघडलं. आत एक कंगवा आणि रुमालात बांधलेले चार मोदक. "नंबर बदला हो," काका गंभीरपणे म्हणाले, "मोदक राहू द्या." ते गृहस्थ पुढे वर्षभर मंडळात फिरकले नाहीत आणि काकांना त्याचं खरोखर वाईट वाटलं. मोदक खायला या, असं सांगायला ते स्वतः त्यांच्या घरी गेले होते.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा अख्खं ऑफिस त्याला बिचकून होतं. एका थंडगार खोलीत त्याची लोखंडी कपाटं, पुढे टाइपरायटर. प्रत्येकाला आपापला परवलीचा शब्द. तो टाइप केल्याशिवाय मशीन दाद देत नसे. काकांनी पहिल्याच दिवशी मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं, "आणि तुमचा शब्द?" तो म्हणाला, "आमचा मशीनच्या आतच बसवलाय, दुरुस्तीसाठी. बदलता येत नाही." काका चार दिवस नीट जेवले नाहीत. हा इंजिनिअर टाइप करताना मोठ्यांदा पुटपुटत असे, आणि हावड्याच्या ऑफिसातल्या मशीनवरही त्याने हाच शब्द पुटपुटलेला काकांनी ऐकला होता. त्यांनी मॅनेजरसाहेबांना सांगून पाहिलं. साहेब हसले, "काका, हा कॉम्प्युटर आहे, तुमच्या गल्लीतलं कुलूप नव्हे."

त्यानंतर महिन्याभरात क्वार्टर्सची प्रतीक्षायादी मशीनमधून बाहेर आली आणि सर्वांच्या वर माझं नाव! नोकरीत सगळ्यांत नवा मी, आणि मशीनच्या खोलीत काम करणाराही मीच. साहेबांनी मला बोलावलं. "सकाळी मशीनवर कोण होतं? तूच ना? मग यादी काय भुताने बदलली?" माझ्या पगारावर गावी धाकटी बहीण कॉलेजात शिकत होती. मी चोर ठरून परत गेलो असतो, तर वडिलांनी तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

दार ढकलून काका आत आले. "साहेब, जरा मशीनपाशी चला. हात तुमचा, शब्द मी सांगतो."

इंजिनिअर पुटपुटत असे तोच शब्द काकांनी सांगितला आणि साहेबांनी नाइलाजाने तो एका बोटाने टाइप केला. मशीन क्षणभर घुमलं आणि यादी बदलायची परवानगी हजर. ज्या साहेबांनी आयुष्यात त्या मशीनला हात लावला नव्हता, त्यांच्यापुढे!

"शे की! हे काय!" साहेब बंगालीत सुरू होऊन मराठीत ओरडले.

"आता संशयित दोन झाले," काका म्हणाले. "याला काढायचं तर तुम्हालाही काढावं लागेल. हाच शब्द सगळ्या मशिनींना चालतो, तेव्हा हावड्याचे मॅनेजर, मुंबईचे, मद्रासचे, सगळेच. मोठी भरती निघेल, साहेब."

साहेब आधी लाल झाले, मग पोट धरून हसत सुटले. इंजिनिअरला फोन लावला. तो अगदी निर्मळपणे म्हणाला, "हो, परवा चाचणीसाठी शेवटचं नाव वर नेलं होतं. परत खाली आणायचं राहिलंच." यादी पुन्हा निघाली, मी शेवटी गेलो. रांगेत शेवटी असण्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

शब्द मात्र बदलला नाही. तो मशीनबरोबरच यायचा. मग काकांनी आपली खुर्ची त्या थंड खोलीत नेली आणि मफलर गुंडाळून, शिंकत शिंकत, निवृत्तीपर्यंत तिथेच बसले. इंजिनिअर आला की ते मोठ्यांदा मराठी भजन म्हणत, म्हणजे त्याचं पुटपुटणं कोणाला ऐकू जाऊ नये.

काका आता नाहीत. बहीण शिक्षिका झाल्यावर तिला मी कलकत्ता दाखवायला आणलं होतं, तेव्हा ते थकले होते. ती पाया पडली तशी, त्या दिवशी माझी नोकरी गेली असती तर तिचं कॉलेजही सुटलं असतं, हे मी त्यांना प्रथमच सांगितलं. त्यांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मग आपल्या त्या जपून ठेवलेल्या मराठीत म्हणाले, "असं होय? मला वाटलं होतं, त्या दिवशी साहेबांपुढे तू एकटाच उभा होतास."