बांध कोणी कोरला?

"बांध कोरू नगा," असं म्हणत आमचे ड्राफ्ट्समन कागदावर तुटक रेष मारायचे. पेन्सिल इतकी दाबायचे की खाली टेबल नसून शेत आहे असं वाटावं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरला लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली होतो. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. फलकावर मात्र 'इंडस्ट्रीज'. शाळेच्या पाटीएवढ्या सर्किट बोर्डावर कोणता भाग कुठे बसवायचा, हे पारनेरकडचे हे ड्राफ्ट्समन ठरवायचे. आधी तुटक रेषांनी बोर्डाची वाटणी. एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या टोकाला माइकचा नाजूक आवाज घेणारे भाग. इकडचा तिकडे गेलेला त्यांना खपत नसे.

"ट्रान्सफॉर्मर म्हंजी घोरनारा पाव्हना. त्याला वसरीवर झोपवा, बाळंतिनीच्या खोलीत न्हाई."

एक दिवस शेठना वाटलं, बोर्डाच्या मधोमध तांब्याच्या अक्षरांत आपलं नाव हवं. पेटी बंद झाल्यावर ते फक्त झुरळांनी वाचलं असतं.

"जागा न्हाई, शेठ."

"ट्रान्सफॉर्मर सरकवा जरा."

"कुठं? बाळंतिनीच्या उशाला?"

"तुम्ही ड्राफ्ट्समन आहात, सुईण नाही! सही करा, नाहीतर घरचा रस्ता धरा."

त्यांनी सही केली नाही. शेठनी कागद माझ्यापुढे सरकवला, आणि मी रबर घेतलं. रेष खोडायला अर्धं मिनिटही लागलं नाही; मग ट्रान्सफॉर्मर पलीकडे सरकवून मधोमध शेठचं नाव बसवलं.

मिरजगावच्या सभेत आमचं नवं यंत्र लागलं. पुढारी माइकसमोर उभे राहिले, आणि त्यांच्याआधी कर्ण्यातून भुंगाच बोलू लागला. मागून कोणी ओरडलं, "सायेब, आधी आतल्याचं होऊ द्या!"

दुसऱ्या दिवशी शेठनी सगळ्यांसमोर कागद आपटला. "अक्षर कोणाचं?"

अक्षर ड्राफ्ट्समनचंच होतं. खोडलेल्या जागेवर त्यांनी अंगठा फिरवला. "अक्षर माजं हाय. बांध कोनी कोरला?"

शेठ छताकडे बघू लागले. मी बुटांकडे.

"उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले.

"न्हाई येत." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, शेठचं नाव लई झ्याक बसवलंस बग." तेवढंच. पेन्सिल कानावर ठेवून ते गेले.

शेठचा राग मला आजही येतो, आणि तो करायला सोपा आहे. तुम्हीही असे शेठ पाहिले असतील. पण तो कागद अजून माझ्याकडे आहे. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती खोडलेली रेष लागते.