पानाखालची शेपटं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खोलीचं वाचनालय होतं. दोन बाकडी, कालची वर्तमानपत्रं आणि कुलूप घातलेलं पुस्तकांचं कपाट. गल्ली विणकरांची, त्यामुळे वाचनालयात बसलं तरी मागांचा खटखटाट ऐकू यायचाच. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. माझी चुलत बहीण माझ्याहून थोडी मोठी. तिचं कॉलेज मध्येच सुटलं होतं आणि ती घरी मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायची. मी तिला ताई म्हणायची.

एका सोमवारी ताईनं वाचनालयाच्या दारावर एक कागद चिकटवला, सुताला लावायच्या खळीनंच. अक्षर माझं होतं, कारण तिचं कोणाला लागायचं नाही. मजकूर तिचा. काल मी दिवसभर कांड्या भरल्या, संध्याकाळी आरशात पाहिलं तर भुवयांवर कापूस बसला होता, म्हातारपणी मी अशी दिसेन आणि मला ते रूप आवडलं. एवढंच.

काकांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, येता-जाता वाचलं आणि घरी येऊन विचारलं, "यात बातमी काय आहे वं? स्वतःचं असं कोनी भिंतीवर लावते काय?"

"मी लावून राहिली ना," ताई म्हणाली.

दर सोमवारी नवं पान चढू लागलं. खाली तिनं मुद्दाम कोरी जागा ठेवली आणि दोऱ्यानं एक पेन्सिल बांधली. पहिल्या वेळी एका माणसानं तिथं लिहायला सुरुवात केली. त्याची ओळ समासाबाहेर गेली आणि वाकून खाली लोंबली. ताई हसून म्हणाली, "पानाले शेपूट फुटलं." झालं, तेव्हापासून खाली लिहिलेल्या मजकुराचं नाव शेपूट. लोक रस्त्यात विचारायचे, "या सोमवारी किती शेपटं?" एक कारकून सकाळी ड्युटीवर जाण्याआधी धावत यायचा आणि नुसतं "पयला!" लिहून निघून जायचा. पान वाचलेलंही नसायचं. त्याला सगळे पयला म्हणायला लागले, त्याच्या बायकोसकट. रोज वाचून काहीच न लिहिणारे ते मुके. मुके सगळ्यात जास्त होते, आणि ताईला खरी धास्ती त्यांचीच वाटे. पलीकडच्या गल्लीतल्या एकानं चक्कीच्या भिंतीवर स्वतःचं पान लावलं आणि आमच्या पानाखाली तिकडे बोट दाखवणारा बाण काढला. मग लोक बाण धरून चक्कीपर्यंत जायचे आणि तिथला बाण धरून परत यायचे.

कोळसाही आला. कोणीतरी चुलीतला कोळसा घेऊन थेट दारावर लिहिलं, "भैताड पोरगी, लगन कर." त्या दिवशी ताईनं ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं ओल्या फडक्यानं दार पुसलं आणि मला म्हणाली, "कोळशाले उत्तर नाई द्यायचं." ते आमच्यात रूढ झालं. घरात कोणी टोचून बोललं की माझी आईसुद्धा म्हणायची, "जाऊ दे, कोळसा आहे."

हे सगळं मजेत चाललं असताना ताईनं ते मागाचं पान लिहिलं.

आमच्या समोरच्या काकूंचा नवरा विणकाम सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सदरमध्ये, एका कापडाच्या दुकानात चौकीदार झाला होता. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ताईनं लिहिलं की सकाळी जाग आली तेव्हा गल्लीच्या आवाजात काहीतरी कमी वाटलं, मग लक्षात आलं, समोरचा माग मेला. नाव घातलं नव्हतं. पण आमच्या गल्लीत समोरचा माग म्हणजे कोणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी ते वळणदार अक्षरात उतरवलं. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

काकूंना वाचता येत नव्हतं. दुपारी कोणीतरी त्यांना वाचून दाखवलं. त्या तशाच, पदर खोचलेल्या, आमच्या दारात आल्या.

"काहून लिवलं वं तू आमच्या घरचं?"

"काकू, मी वाईट नाई लिहिलं," ताई म्हणाली. "मले खरंच वाईट वाटलं."

"तुले वाईट वाटलं त तुह्यं लिव. मेला म्हन्ते! माग काय मानूस आहे काय मराले?"

ताईचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ती पान फाडून टाकेल. ती उठली, काकूंचा हात धरून त्यांना वाचनालयापर्यंत घेऊन गेली. मी मागोमाग. तिथं तिनं दोऱ्याची पेन्सिल माझ्या हातात दिली आणि काकूंना म्हणाली, "तुम्ही सांगा. ही लिहून घेईल. जसं सांगाल तसंच."

काकूंनी आधी खोचलेला पदर सोडून नीट केला. मग बोलल्या, हळूहळू, माझ्या हाताकडे बघत. "आमचा माग मेला नाई. मानूस सदरले ड्युटीवर जाते. माग उभा आहे. मले येते चालवाले, पन सूत आनाले कोनी नाई."

पेन्सिल 'मले'वर अडली. लिहिताना 'मला' लिहायचं हे शाळेनं हातात इतकं भिनवलं होतं की आपण बोलतो तसं लिहिणं चोरीसारखं वाटत होतं. घरी मी दिवसभर मले-तुले बोलायची, पण कागदावर ते कधी पाहिलंच नव्हतं. ताईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी 'मले' लिहिलं, आणि आधी लिहिलेलं 'नाही', 'माणूस'ही खोडून बोलल्यासारखं केलं.

वाचून दाखवलं तेव्हा काकू म्हणाल्या, "असंच बोलली काय मी?"

"असंच."

"मंग ठीक आहे," म्हणून त्या पाणी भरायला गेल्या.

ते शेपूट वाचायला लोक परत परत आले. मोठ्यानं वाचायचे, कारण ते मोठ्यानंच चांगलं वाटायचं. तीन-चार मुक्यांनी पहिल्यांदा पेन्सिल धरली, आणि तेही बोलल्यासारखं लिहू लागले. वाचनालयाचे सेक्रेटरी मात्र अस्वस्थ झाले. सज्जन गृहस्थ, वर्गणी न देणाऱ्यांनाही पेपर वाचू देत. ते ताईला म्हणाले, "पान लाव, माझी हरकत नाही. पण हे 'आनाले', 'मानूस' वाचनालयाच्या दारावर शोभत नाही."

"मग काकूंनी बोलायचं कसं?"

"बोलू दे की. लिहू नका."

ताईनं वाद घातला नाही. पुढच्या सोमवारी पान काकूंच्याच दारावर चढलं. काकूंनी स्वतः खळ करून दिली.

काकूंचा नवरा संध्याकाळी खाकी कपड्यांत घरी यायचा. त्या दिवशी तो स्वतःच्या दारापुढे उभा राहून बोटानं ओळी धरत वाचत होता, कारण जुनं शेपूट आम्ही नव्या पानाखाली परत उतरवलं होतं. मी आमच्या ओट्यावर होते. त्यानं आत वळून विचारलं, "सूत नाई म्हून माग बंद आहे, हे तू मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं," आतून काकू म्हणाल्या. "दोनदा. तुमी आयकलं नाई."

 पुढच्याच आठवड्यात त्यानं सायकलवरून सुताचं गाठोडं आणलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या विणकराकडे पंच्यांचं काम जास्त झालं होतं, त्यातलं थोडं त्या म्हाताऱ्यानं काकूंना दिलं. आमच्याकडे बायका कांड्या भरत, मागावर पुरुष बसत. काकू मागावर बसल्या तेव्हा बायका खिडकीतून डोकावून गेल्या. काकूंनी तो सगळा हिवाळा विणलं. पुढं काम मिळेनासं झालं, माग विकला गेला आणि त्या एका शाळेत आया म्हणून लागल्या. पण दारावरचं पान चालू राहिलं, कारण आता काकूच मला गाठून सांगायच्या, "लिव वं, आज माह्या डोक्यात आहे." शाळेतली पोरं डबा कसा लपवतात, मोठ्या बाई कोणाशी गोड बोलतात, असं काहीही. ताईचं लग्न होऊन ती खाप्याला गेली, आणि मीही बी.ए. संपवून नोकरीला लागले. पान बंद नेमकं कधी पडलं ते मला आठवत नाही.

खूप वर्षांनी माझ्या भाचीनं ब्लॉग सुरू केला. पोस्ट, कमेंट, ट्रोल हे शब्द ती मला फार समजावून सांगत होती. मी म्हटलं, एवढं समजावू नको, आमच्याकडे यांना पान, शेपूट आणि कोळसा म्हणत. ती हसत सुटली. मग तिनं विचारलं, "आणि डिलीटला काय म्हणायचे?"

मला शब्द आठवेना. आम्ही कोळसा पुसायचो, पण पान कधी काढलं नव्हतं. जुन्यावर नवं चिकटवायचो. काकूंच्या दारावर कागदांचा थर इतका जाड झाला होता की पावसाळ्यात दार फुगायचं आणि नवऱ्याला ते खांद्यानं ढकलून उघडावं लागायचं.