अडकलेल्या जागांची यादी

प्रभाकर गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. आमच्या कॉलेजातल्या निवृत्त मंडळींचा एक ग्रुप आहे. त्यावर त्या सकाळी कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक होता, त्याखाली गुडघेदुखीवरचा एक उपाय आणि त्याखाली एक ओळ, ‘आपले लॅबवाले प्रभाकर यांचे हृदयविकाराने निधन.’ मग जोडलेल्या हातांची रांग लागली. संगणक विभागाच्या माजी प्रमुखांनी सगळ्यांत लांब संदेश टाकला. त्यात प्रभाकरला त्यांनी ‘आमच्या विभागाचा आधारस्तंभ’ म्हटलं होतं. मी तो संदेश दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवून दिला. ज्या माणसाला विभागाच्या फोटोत कधी कडेलासुद्धा उभं केलं नाही, तो मेल्यावर एकदम स्तंभ झाला! राग आला, पण चार शब्द सुनवावेत म्हटलं तर बोट काही पुढे जाईना. ते का गेलं नाही, हे सांगण्यासाठी दीड महिन्यानं हा लेख लिहितो आहे.

प्रभाकर मूळचा वरवट बकाल गावचा, शिक्षण बारावी. बुलढाण्यात आमच्या कॉलेजात तो संगणक प्रयोगशाळेचा परिचर होता. म्हणजे सकाळी कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, बंद पडलेला संगणक चालू करून द्यायचा आणि प्राध्यापक आले की बाजूला उभं राहायचं. मी मराठी शिकवायचो. आमची ओळख झाली ती शब्दांमुळे. एक दिवस तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “सर, कॅस्केड म्हंजे काय हो?” मी म्हटलं, “धबधबा. तुला कशाला हवा?” तर हा गडी तेव्हा सीएसएस शिकत होता, आणि त्यातला पहिला ‘सी’ म्हणजे हे कॅस्केड. वेबसाइटच्या पानाचा सांगाडा एका भाषेत लिहितात आणि त्याला रंगरूप, मोजमाप, कपडालत्ता चढवतात तो सीएसएसनं, हे मला त्यानंच सांगितलं. धबधबा ऐकून तो हसला. “समजलं. वरून नियम पडत येतात आन् शेवटी जो बोलला त्याचं खरं. आमच्या घरी बायकोचं हाये तसं.” त्या दिवसापासून तो रोज मधल्या सुट्टीत यायचा, हातात इंग्रजी शब्द लिहिलेला चिटोरा घेऊन. बाहेर लोक आम्हाला मित्र म्हणत. तो मला शेवटपर्यंत ‘सर’ म्हणाला आणि मी त्याला ‘अरे प्रभाकर’ म्हणत राहिलो. ही कसली मैत्री, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

यादीचं वेड त्याच्या डोक्यात कसं शिरलं, तेही सांगतो. आमच्याकडची खेड्यापाड्यांतून येणारी मुलं त्याला विचारायची की वेबसाइट बनवायला कुठे शिकायचं. प्राध्यापकांचं उत्तर ठरलेलं होतं, ‘नेटवर सगळं फुकट आहे, शोधा.’ प्रभाकर यावर चिडायचा. “फुकट हाये हे खरं हाये सर, पन धा हजार दुकानं उघडी असली तर पोट्ट्यानं कोन्त्या दुकानात शिराव, हे कोन सांगन?” मग त्यानं स्वतःच एक पान बनवायला घेतलं. कुठून सुरुवात करायची, नंतर कुठे जायचं, कोणता धडा फोनवर उघडतो, कोणत्याला संगणकच लागतो, असं सगळं मराठीत. एक संदर्भकोशासारखं संकेतस्थळ होतं. एक होतं त्यात डाव्या बाजूला लिहिलं की उजव्या बाजूला लगेच दिसायचं. एका खेळात योग्य ओळ लिहून बेडकांना कमळाच्या पानांवर बसवायचं असायचं. हा खेळ तो इतका रंगून खेळायचा की एकदा प्राचार्य मागे येऊन उभे राहिले तरी त्याला पत्ता नव्हता.

त्याचा एक नियम होता. कोणताही अभ्यासक्रम पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत स्वतः केल्याशिवाय यादीत टाकायचा नाही, आणि तोही फोनवर, कारण पोरांकडे फोनच असतो. मी म्हटलं, “अरे, वरवर चाळून टाकत जा, कोण बघतंय?” तो म्हणाला, “मी सोता पाह्यल्याशिवाय दुसऱ्याले कसा पाठवू? गावचा रस्ता सांगनारा मानूस त्या गावाले जाऊन आलेला पाह्यजे नं.” डिक्शनरी हाताशी घेऊन, एकेक वाक्य लावत, चौदा नोंदींना त्याला दीड वर्ष लागलं. आणि प्रत्येक नोंदीखाली तो लिहायचा ते असं : ‘सातव्या धड्यात मी चार दिवस अडकलो. पॅडिंग म्हणजे गोधडीतला कापूस आन् मार्जिन म्हणजे दोन खाटांमधली जागा, हे समजल्यावर सुटलो.’ किंवा, ‘इथं मी रडकुंडीस आलो होतो. तू बी येशील. दुसऱ्या दिवशी परत बस.’ माझी एक बी.ए.ची विद्यार्थिनी ती यादी वाचत वाचत फोनवर शिकली आणि आज त्याच कामावर पोट भरते. तिनं मला सांगितलं होतं, “सर, जिथं जिथं मी अडकले, तिथं तिथं प्रभाकरकाका आधीच अडकून बसले होते.”

मग कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती येणार असं ठरलं. अशा वेळी कॉलेजात जी धांदल उडते ती नोकरी केलेल्यांना माहीत आहे. भिंती रंगतात, रजिस्टरं नव्यानं लिहिली जातात आणि जो तो ‘उपक्रम’ शोधत फिरतो. संगणक विभागाकडे दाखवायला काही नव्हतं. प्रभाकरची यादी विभागप्रमुखांच्या नजरेला पडली आणि ती कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायची असं ठरलं. वेबसाइटसाठी आम्हा पाच जणांची समिती होती. भाषा तपासायचं काम अर्थातच माझं. विभागप्रमुख म्हणाले, “सर, जरा शुद्ध करून द्या. आणि परिचराचं नाव अभ्यास-साहित्यावर बरं दिसत नाही, बाहेरचे लोक काय म्हणतील?” प्रिंट माझ्यापुढे होती आणि लाल पेन माझ्या हातात. ‘संकलन : प्रभाकर, प्रयोगशाळा परिचर’ ही ओळ मी खोडली आणि तिथे ‘विभागप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली’ असं लिहिलं. सातव्या धड्याखाली तो चार दिवस अडकला होता, तिथे मी लिहिलं, ‘हा घटक विद्यार्थ्यांनी काळजीपूर्वक अभ्यासावा.’ गोधडी गेली, खाटा गेल्या, रडकुंडी गेली. मला तेव्हा आपण फार चांगलं काम केलं असं वाटलं होतं... हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

यातली खरी गोम पुढे आहे. ती दुरुस्त केलेली प्रिंट वेबसाइटवर चढवायची कुणी? समितीतल्या पाचांपैकी एकालाही ते येत नव्हतं. विभागप्रमुखांनाही नाही. अख्ख्या कॉलेजात ते येणारा माणूस एकच होता. मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा प्रभाकर माझा लाल पेनाचा कागद शेजारी ठेवून, एकेक ओळ बघत, आपल्याच हातानं आपलं नाव पुसत होता. माझ्याकडे न वळताच म्हणाला, “तुमचं अक्षर लय साजरं हाये, सर.” मी काहीतरी पुटपुटलो, समितीचा निर्णय, वरून दबाव, वगैरे. त्यानं ते ऐकून घेतलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, “नावाचं काई नाई. पन सर, यात आता कोनीच अडकून नाई राह्यलं. पोट्टं अडकलं का त्याले वाटन, सगळ्या दुनियेले येते, माह्यंच डोस्कं मंद हाये. मंग तो सोडून देईन.” मी म्हणालो, “बघू, मूल्यांकन झाल्यावर परत टाकू.” मूल्यांकन झालं, श्रेणी मिळाली, पेढे वाटले. परत टाकायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या राहिलं होतं. मी बोललो नाही, कारण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मला कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. प्रभाकर मधल्या सुट्टीत येतच राहिला, फक्त चिटोरा आणायचा बंद झाला.

कॉलेजच्या पानावरची ती शुद्ध यादी पोरांनी वाचली नाही. प्रभाकरनं आपली मूळ यादी इंटरनेटवरच्या एका फुकटच्या जागेवर पुन्हा मांडली आणि जो विचारेल त्याला तिचा पत्ता देत राहिला. तो गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. माजी विभागप्रमुखांनी सांगितलं की ‘आमच्या विभागाच्या’ त्या उपक्रमात प्रभाकरचंही ‘तांत्रिक सहकार्य’ होतं. माझी ती विद्यार्थिनी मागच्या रांगेत बसली होती. तिनं बोलायला हात वर केला, तर वेळ संपल्याचं सांगून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला लावलं. मीही मान खाली घालून उभा राहिलो. दोन मिनिटं फार मोठी असतात.

हा लेख आधी वेगळा लिहिला होता. छापायला देण्याआधी घरच्यांना दाखवावा म्हणून मागच्या रविवारी प्रभाकरच्या घरी गेलो. त्याच्या पत्नी शोभावहिनींनी चष्मा लावून सावकाश वाचला. साधेपणा, जिद्द, ज्ञानाची ओढ, सगळं छान उतरलं होतं. एका जागी मी लिहिलं होतं, ‘समितीच्या गडबडीत त्याचे नाव राहून गेले.’ तिथे त्या थांबल्या.

“गडबड कायची, सर? तुमी लाल पेनानं खोडलं आन् ह्यायनं पुसलं. त्याच दिवशी मले सांगतलं होतं त्यायनं.”

मी विचारलं, “माझ्यावर रागावला होता का तो?”

“नाई. म्हने, सर एकटेच हायेत तिथं, ज्यायले मी शब्द इचारू शकतो.” त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “झालं ते लिहा. नाईतर छापू नका. आमचं काई अडलं नाई.”

मी कागद घडी करून खिशात घातला. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांनी प्रभाकरचा फोन हातात घेतला. दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की तो त्या खुर्चीत बसून यादीतली एकेक लिंक उघडून बघायचा, बंद पडलेली असली की तिच्या जागी दुसरी शोधायचा. हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, नंतर माझ्या विद्यार्थिनीनं सांगितलं. आता ते काम वहिनी करतात. त्यांना इंग्रजी येत नाही. उघडलं की नाही एवढंच त्या बघतात आणि न उघडलेल्या लिंकचा आकडा एका वहीत लिहून ठेवतात. माझी विद्यार्थिनी अधूनमधून फोन करून ते आकडे विचारते आणि दुरुस्त करते. मी दारापाशी चपला घालत उभा होतो. आजवर त्या घरातून चहा न घेता मी कधी उठलो नव्हतो. वहिनींनी मान वर केली नाही. त्यांचं नऊ नंबरची लिंक उघडायचं चाललं होतं.